वचन मराठीत, इशारा इंग्रजीत : वजन घटविणाऱ्या पूरकांच्या संहितेची समीक्षा

प्रस्तावना

वजन कमी करण्यासाठी मिळणारी पूरके केव्हा घ्यावीत व कशी घ्यावीत, हा प्रश्न आता महानगरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. नेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही तो विचारला जातो. मेडिकल स्टोअर, व्यायामशाळा, ओळखीतून होणारी घरगुती विक्री आणि मोबाईलवरील जाहिरात या चार वाटांनी ही पूरके घरात येतात. डबा घरात आल्यानंतर पहिला प्रश्न बहुधा वेळेचा असतो. सकाळी रिकाम्या पोटी घ्यायचे की जेवणानंतर? गरम पाण्यातून की ताकातून? किती दिवस?

ज्या परिसरात ही चर्चा होते, त्याची पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे आहेत. त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के स्त्रिया व १६.२ टक्के पुरुष वाजवीपेक्षा कमी वजनाचे आढळले. म्हणजे एकाच गावात, क्वचित एकाच घरात, दोन्ही प्रकारची माणसे नांदत असतात. अशा समाजात वजन घटविण्याची वस्तू कोणाच्या हाती पडते, हे महत्त्वाचे ठरते.

प्रस्तुत लेखात या पूरकांभोवती उभ्या राहिलेल्या मजकुराची समीक्षा केली आहे. जाहिरात, डब्यावरील वेष्टन आणि विक्रेत्याचा तोंडी सल्ला या तिन्ही मिळून एक संहिता तयार होते, असे येथे गृहीत धरले आहे. साहित्याची समीक्षा करताना आपण जे प्रश्न विचारतो तेच येथे विचारावयाचे आहेत : कोण बोलतो, कोणाशी बोलतो, कोणत्या भाषेत बोलतो आणि काय बोलावयाचे टाळतो? सुरक्षिततेचा प्रश्न या चौथ्या मुद्द्यात दडलेला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जाहिरातीची भाषा

या जाहिरातींची भाषा क्रियापदांवर उभी असते. चरबी ‘वितळते’, ‘जळते’, ‘गळून पडते’. तिन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. त्यांत करणाऱ्या माणसाचा पत्ता नाही. भूक आवरणे, ताटातले कमी करणे या सकर्मक क्रिया त्या वाक्यरचनेतून वगळलेल्या असतात. व्याकरणाच्या पातळीवरच वाचकाला कष्टातून मुक्त केले जाते. त्याच्या जोडीला ‘नैसर्गिक’ हे विशेषण येते आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निर्धोक’ हे समीकरण न सांगता मान्य करून घेतले जाते. धोतरा आणि कण्हेर याही वनस्पती नैसर्गिकच आहेत, हे विदर्भातील कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. तरीही जाहिरातीसमोर त्याचा विसर पडतो.

या भाषेतील आकड्यांची परीक्षा साध्या अंकगणिताने होऊ शकते. एक किलो मेदात साधारणतः ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. ‘महिन्याला दहा किलो’ हे वचन खरे व्हावयाचे, तर महिन्यात ७७,००० किलोकॅलरींची, म्हणजे दररोज सुमारे २,५७० किलोकॅलरींची तूट पडली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये बैठे काम करणाऱ्या पुरुषाची दैनंदिन गरज २,११० व स्त्रीची १,६६० किलोकॅलरी ठरविली आहे. अशा माणसाने महिनाभर अन्नाचा कण घेतला नाही, तरी जाहिरातीतील तूट भरून निघत नाही. याउलट, आहार व चालणे यांतून रोज ५०० किलोकॅलरींची तूट साधली, तर पंधरवड्यात सुमारे एक किलो वजन उतरते. हा आकडा जाहिरातीत शोभत नाही, मात्र शरीराला तोच मानवतो.

पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, हा अनुभव अनेक जण सांगतात व तो खोटा नसतो. त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. काही ‘शुद्धीकरणा’च्या चहांत सोनामुखी असते. तिच्या रेचक गुणामुळे पाणी व क्षार शरीराबाहेर जातात, मेद जागच्या जागी राहतो. रेचक दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम घटून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. जाहिरात ज्याला ‘परिणाम’ म्हणते, ते कित्येकदा अपायाचे पहिले लक्षण असते.

एकच डबा, दोन वाङ्मयप्रकार

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत ज्या विकारांवरील उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत स्थूलतेचा समावेश आहे. त्यामुळे यांतील बरीच उत्पादने औषध म्हणून न येता अन्न म्हणून येतात. अन्नपूरकांसंबंधीच्या २०१६ च्या विनियमांनुसार अशा वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. त्याशिवाय शिफारस केलेली दैनंदिन मात्रा ओलांडू नये, हे पूरक वैविध्यपूर्ण आहाराला पर्याय नाही, ते लहान मुलांपासून दूर ठेवावे आणि दुष्परिणाम, निषिद्ध अवस्था व अन्य औषधांशी होणारी आंतरक्रिया माहीत असल्यास त्यांचा इशारा द्यावा, अशाही अटी आहेत.

येथे एक विलक्षण अंतर्विरोध दिसतो. डब्याची मागील बाजू सांगते की, हे औषध नाही. जाहिरातीतील ‘आधी’ व ‘नंतर’ची छायाचित्रे, पांढरा कोट घातलेली व्यक्ती आणि ‘कोर्स पूर्ण करा’ हा शब्दप्रयोग सांगतो की, हे औषधच आहे. एकच वस्तू दोन वाङ्मयप्रकारांत वावरते. कायद्यासमोर ती अन्न असते आणि ग्राहकासमोर उपचार. औषधाकडून आपण ज्या पुराव्याची अपेक्षा करतो तो तिला द्यावा लागत नाही, आणि अन्नाकडून जी निर्धोकता गृहीत धरतो ती मात्र तिला आपोआप मिळते.

सर्वांत गंभीर बाब भाषेची आहे. अन्नाच्या वेष्टनावरील अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असावा, असा नियम आहे. अन्य भाषा त्याशिवाय वापरण्यास हरकत नाही, पण सक्तीही नाही. परिणामी वचन मराठीतून येते आणि इशारा बहुधा इंग्रजीतून, तोही बारीक अक्षरांत. ज्या भाषेत माणूस भुलतो त्या भाषेत त्याला सावध केले जात नाही.

हा भेद अपरिहार्य आहे, असे म्हणता येणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत जाहिरातीतील खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे जाहिरातीपुरते हे तत्त्व शासनाने स्वीकारले आहे. डब्यापर्यंत ते अद्याप पोचलेले नाही.

यवतमाळचा धडा

वेष्टनाच्या भाषेचा हा मुद्दा काहींना किरकोळ वाटेल. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला तो तसा वाटू नये. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. मिश्रण करून केलेली फवारणी, उंच वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव आणि कृषी केंद्राच्या दुकानदारालाच सल्लागार मानण्याची पद्धत ही त्यांतील काही.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार कीटकनाशकाच्या वेष्टनावरील व सोबतच्या पत्रकावरील मजकूर हिंदी व इंग्रजीबरोबरच त्या भागातील एक-दोन प्रादेशिक भाषांतही असावा लागतो. निरक्षरासाठी विषारीपणाची पातळी दाखविणारे लाल, पिवळे, निळे व हिरवे रंग असतात. म्हणजे पिकावर फवारावयाच्या वस्तूचा इशारा मराठीत देणे कायद्याने आवश्यक मानले आणि माणसाने पोटात घ्यावयाच्या पूरकाचा इशारा मराठीत देणे ऐच्छिक ठेवले. दोन्ही पदार्थ सारखेच घातक आहेत, असे येथे सुचवावयाचे नाही. इशारा कोणाला कळला पाहिजे, याविषयी कायद्याच्या दोन कल्पना शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढाच हेतू आहे.

अर्थात २०१७ ने दुसरीही गोष्ट शिकविली. मराठी मजकूर असूनही माणसे दगावली. डबा विकत घेणारा एक व फवारणारा दुसरा होता, अक्षर बारीक होते, आणि मजकूर वाचून दाखविणारे कोणी नव्हते. तेव्हा इशारा मराठीत असणे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. शिवाय ती मराठी कोणती, हाही प्रश्न आहे. ‘गर्भावस्था व स्तन्यपानकालात प्रतिनिषिद्ध’ असे छापून नियमाचे पालन होईल, परंतु ‘गरोदर बाईने व अंगावर पाजणाऱ्या आईने घेऊ नये’ असे लिहिल्याशिवाय ते कळणार नाही. इशाऱ्याची मराठी घडविणे हे भाषेच्या अध्यापकांचे काम आहे. ते आपण आजवर आपले मानलेले नाही.

तोंडी सल्ला आणि त्याचे सामाजिक स्थान

संहितेचा तिसरा भाग तोंडी असतो. लहान गावात विक्रेता परका नसतो. तो नातलग, शेजारी किंवा सहकारी असतो. थेट विक्रीसंबंधी २०२१ साली नियम झाले असले, तरी ओळखीच्या माणसाला नाही म्हणण्याचा संकोच कोणत्याही नियमात मावत नाही. ‘मी स्वतः घेतोय सर, मला काही झाले नाही’ हे वाक्य पुरावा म्हणून पुढे केले जाते. त्यात एका माणसाचा अनुभव आहे. ज्यांना अपाय झाला ते मात्र सहसा साक्ष देण्यास येत नाहीत.

औषधशास्त्राचा इतिहास ‘काही झाले नाही’ या वाक्यापासून सावध करतो. डायनायट्रोफिनॉल हे द्रव्य १९३३ पासून अमेरिकेत वजन घटविण्यासाठी झपाट्याने पसरले. मोतीबिंदू व मृत्यू यांमुळे १९३८ मध्ये ते मागे घ्यावे लागले. फेनफ्लुरामिनमुळे हृदयाच्या झडपांना इजा होते, हे १९९७ मध्ये उघड झाले. सिब्युट्रामिन हे औषध हृदयविकाराचा धोका वाढविते, असे आढळल्याने भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. बंदी आलेले हेच सिब्युट्रामिन नंतर ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत लपविलेले सापडल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेळोवेळी जाहीर केले आहे. परवाना क्रमांक नसलेला डबा का घेऊ नये, याचे उत्तर या इतिहासात आहे.

मराठीतील एक वेगळी संहिता

वजनाविषयीचे सर्वच मराठी लेखन वस्तू विकण्यासाठी झाले, असे नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांनी आपल्या व्याख्यानांतून कमी वेळा खाण्याचा विचार मांडला. त्यांचे ऋण मान्य करून सामुदायिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो व्याख्याने व पुस्तकांद्वारे महाराष्ट्रभर नेला. दिवसातून दोनदा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि ४५ मिनिटे चालणे हा त्याचा गाभा होय. २०१८ मध्ये राज्य शासनाने त्यांना स्थूलताविरोधी अभियानाशी जोडले, तेव्हा आहारतज्ज्ञांकडून आक्षेपही घेतले गेले. सर्वांना एकच पद्धत मानवेल का, दीर्घकालीन पुरावा किती, हे आक्षेप रास्त आहेत व त्यांची चर्चा चालू राहिली पाहिजे.

संहिता म्हणून पाहता मात्र येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, सुरुवातीलाच रक्ततपासणी करावयास सांगितली जाते आणि ही पद्धत कोणी अनुसरू नये, हेही सांगितले जाते. दोन, हे सारे मराठीत सांगितले जाते. वचन व इशारा एकाच भाषेत, एकाच आवाजात येतात. त्यामुळे वाचकाला त्याच्याशी वाद घालता येतो. डब्याशी वाद घालता येत नाही.

परंपरेतही हाच क्रम दिसतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचाही विचार आहे. तेथे स्थूलांसाठी त्रिफळा, मध आदी द्रव्ये सांगितली आहेत, पण ती आहार, व्यायाम व दिनचर्येच्या चौकटीत, आणि बदल क्रमाक्रमाने करावा या सूचनेसह. आज आयुर्वेदाचे नाव घेऊन विकली जाणारी गोळी ती चौकट मागे ठेवून येते.

केव्हा व कशी : प्रश्नांचा योग्य क्रम

या विवेचनावरून ‘केव्हा व कशी’ या प्रश्नाचे स्थान निश्चित करता येते. तो शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न गरजेचा. भारतीयांसाठी २००९ मध्ये झालेल्या तज्ज्ञसहमतीनुसार देहभार निर्देशांक २३ पासून वजन अधिक व २५ पासून स्थूलता मानतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा. या मर्यादेच्या आत असलेल्या विद्यार्थिनीला पूरकाची गरज नाही, हे तिला कोणीतरी सांगितले पाहिजे. वजन वाढण्यामागे थायरॉइडची कमतरता किंवा स्टिरॉइडसारखी औषधे असतील, तर उपचार त्या कारणावर करावयाचा असतो.

दुसरा प्रश्न, कोणी घेऊ नये? गरोदर व स्तनदा माता, अठरा वर्षांखालील मुले, यकृत, मूत्रपिंड वा हृदयाचा विकार असणारे, आणि मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी डॉक्टरांना डबा दाखविल्यावाचून काहीही सुरू करू नये. ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनी भूलतज्ज्ञांना पूरकाची माहिती आधीच द्यावी.

तिसरा प्रश्न, डब्यात नेमके काय आहे? चौदा अंकी परवाना क्रमांक आणि प्रत्येक घटकाचे मिलिग्रॅममधील प्रमाण नसेल, तर तो डबा परत करावा. एका वेळी एकच पूरक घ्यावे. दोन-तीन एकत्र घेतल्यास अपाय कशाने झाला, हे शोधता येत नाही.

यानंतरच वेळेचा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर घटकागणिक वेगळे असते. इसबगोल व ग्लुकोमॅनन ही तंतुद्रव्ये पाण्याने फुगतात. ती जेवणापूर्वी, एक-दोन पेले पाण्यासोबत, बसून घ्यावीत. कोरडी किंवा झोपताना घेऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये ग्लुकोमॅननचा उपयोग मान्य करताना दिवसाला तीन ग्रॅम, तीन वेळांत विभागून, आणि तेही कमी उष्मांकाच्या आहाराबरोबर, अशी अट घातली होती. अन्य औषधे व तंतुद्रव्ये यांत काही तासांचे अंतर ठेवावे. हिरव्या चहाच्या अर्काबाबत तोंडी सल्ला बहुधा ‘सकाळी रिकाम्या पोटी’ असा असतो. वस्तुस्थिती अशी की, रिकाम्या पोटी त्यातील घटक अधिक शोषले जातात व यकृताला इजा होण्याचा संभव वाढतो. त्याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी या घटकासंबंधी सावधगिरीचा निर्वाळा दिला. हा अर्क घ्यावयाचाच असेल, तर अन्नाबरोबर घ्यावा. कॅफीन असलेली पूरके दुपारनंतर टाळावीत आणि दिवसभरातील चहा-कॉफी धरून प्रौढाने ४०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. कोकमाच्या कुळातील गार्सिनियाच्या अर्कानेही यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत. आपल्या ताटातील सोलकढी आणि गोळीतील अर्क एकच नव्हेत.

ऑरलिस्टॅट हे पूरक नसून औषध आहे व ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. ते स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर किंवा त्यानंतर तासाभरात घेतात. जेवण चुकले तर मात्राही गाळावी. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे त्यामुळे कमी शोषली जातात, म्हणून ती झोपताना वेगळी घ्यावी लागतात. थायरॉइडच्या गोळीत व त्यात चार तासांचे अंतर आवश्यक असते. बारा आठवड्यांत वजन पाच टक्क्यांनीही न उतरल्यास ते चालू ठेवण्याचा पुनर्विचार करतात. २०२५ पासून भारतात वजनासाठी उपलब्ध झालेल्या टिरझेपटाइड व सेमाग्लुटाइड या इंजेक्शनांनाही हाच दंडक लागू होतो. ती पूरके नव्हेत, आणि ओळखीतून मिळवावयाची वस्तू तर नव्हेच.

थांबण्याची वेळ ही घेण्याच्या वेळेइतकीच महत्त्वाची आहे. डोळे वा लघवी पिवळी होणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, छातीत धडधड, भोवळ यांपैकी काहीही जाणवल्यास पूरक त्वरित बंद करून, डबा सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. डबा किंवा जाहिरात दिशाभूल करणारी असल्यास तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ५३ नुसार अशा जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

समारोप

या समीक्षेतून निघणारा निष्कर्ष असा की, वजन घटविणाऱ्या पूरकांची प्रचलित संहिता वेळेविषयी भरपूर बोलते आणि पात्रतेविषयी मौन पाळते. तिचे आकर्षण मातृभाषेत असते आणि तिची सावधगिरी परक्या भाषेत. हे मौन मोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला शासनाचा : ज्या भाषेत वस्तूची जाहिरात होते त्या भाषेत इशारा डब्यावर छापणे अनिवार्य करावे. कीटकनाशकाबाबत जे शक्य झाले, ते अन्नपूरकाबाबत अशक्य नाही.

दुसरा मार्ग आपल्या हातात आहे. महाविद्यालयात रसायनशास्त्राचा, गृहअर्थशास्त्राचा, शारीरिक शिक्षणाचा व मराठीचा प्राध्यापक एकाच छताखाली असतो. या चौघांनी मिळून एका डब्याचे वेष्टन वर्गात वाचावे. एकाने घटक उलगडावेत, दुसऱ्याने आहार सांगावा, तिसऱ्याने व्यायामाची मर्यादा सांगावी आणि चौथ्याने तो इशारा विद्यार्थिनीच्या आईला कळेल अशा मराठीत लिहावा. बहुविद्याशाखीय अभ्यासाचे याहून उपयुक्त प्रात्यक्षिक आढळणे कठीण. मात्र त्यापूर्वी आपल्यापैकी जे स्वतः अशी पूरके सहकाऱ्यांना वा विद्यार्थ्यांच्या पालकांना सुचवितात, त्यांनी एकदा डबा उलटा करून मागचा मजकूर वाचावा. शिक्षकाच्या शब्दाला गावात वजन असते. ते वजन कशासाठी खर्च करावयाचे, याचा निर्णय त्याचा त्यालाच करावा लागेल.